वरच्या घरचा धूर

ला कोंब-सेश,
८ फेब्रुवारी १९५३

प्रिय नोर्बेर,

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि चारही पानं रडलास. पत्त्यावरची शाई इतकी फिसकटली होती की पोस्टमन गास्तोंने पाकीट हातात देताना विचारलं, "आर्जेंटिनात पावसाळा लागला वाटतं?" मी म्हटलं, हो. घरातलं रडं चव्हाट्यावर कशाला आणायचं? तरी तो दुकानात जाऊन सांगणारच, आणि त्याने सांगितलंच.

स्टेशनवर मी पाव पुढे केला होता तेव्हा काय म्हणालास, आठवतंय? "दोन वर्षांसाठी तर जातोय, एद्मे. तेवढ्यात कसली आलीय गावाची आठवण!" आणि फिदीफिदी हसलास. आता भोग. संत अगाथाच्या दिवशी देवळात ठेवलेला पाव घरात असला की घर जळत नाही, आणि परदेशी जाणाऱ्याने त्यातला तुकडा खाल्ला की त्याला गावाची ओढ लागत नाही, हे तुला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. पण तुला बाहेरची हवा लागली होती.

असो. परवाच अगाथाचा दिवस झाला. पाद्रीबाबांनी सगळ्यांच्या पावांवर पाणी शिंपडलं. मेयर दोंझेचा पाव वरून करपला होता, म्हणून त्याने तो उलटा ठेवला. वरून पांढराफटक, पाद्रीबाबा बराच वेळ बघत होते. आपला पाव चांगला झाला. त्यातला तुझा तुकडा कापडात गुंडाळून सोबत पाठवते आहे. पोहोचेपर्यंत दगड होईल. कॉफीत बुडवून खा, आणि नीट मनापासून खा, थट्टा करत नको.

वरच्या घराची काळजी करू नकोस. छप्पर शाबूत आहे, टाक्यात पाणी आहे, भिंतींना ओल नाही. दोन वर्षांनी येशील तेव्हा काकांनी तुला दिलं तसंच मिळेल.

टोपीची चौकशी केल्याबद्दल आभार. अजून निघालेली नाही.

तुझी एद्मे


कोलोनिया, सांता फे प्रांत,
२० मे १९५३

प्रिय एद्मे,

पाव पोहोचला. तू म्हणालीस तसा दगडच झाला होता. पण गुण आला. आता बरं आहे.

इथली जमीन पोळपाटासारखी सपाट. दगड नाही, म्हणून गडगा नाही. कुंपणाला नुसती तार. गाई चांगल्या आहेत, चीज बरं होतं. मालकांची मुलगी आमालिया मला स्पॅनिश शिकवते आणि माझ्या उच्चारांना हसते.

कामाची गडबड आहे. थोडक्यात आवरतो.

तुझा नोर्बेर


ला कोंब-सेश,
११ फेब्रुवारी १९५७

प्रिय नोर्बेर,

लग्नाचा फोटो मिळाला, तीन वर्षं उशिरा का होईना; आता छोट्या एल्विराचाही पाठव. आमालिया गोड दिसते. तू मात्र कुणीतरी पकडून आणल्यासारखा उभा आहेस. फोटो मी खिडकीत लावलाय, घड्याळाचे भाग घासताना नजर वर गेली की तुम्ही दोघं दिसता. कारखान्याचा माणूस माल न्यायला येतो, तोही चौकशी करतो.

पाचवा पाव पाठवते आहे. खरं सांगू? या वेळी तुकडा लहान कापलाय. पहिल्या पत्राला चार पानं होती. पाव सुरू झाल्यापासून एक पान, मग अर्धं, आणि परवाच्या नाताळाला नुसतं कार्ड. त्यावर घोडा, आणि घोड्याखाली तुझी सही. दोन वर्षांची पाच व्हायला आली, येण्याचा शब्द नाही. संत अगाथा एवढ्या जोरात काम करते हे मला माहीत असतं तर मी तिला जरा बेताने घ्यायला सांगितलं असतं.

इकडे बर्फ छातीएवढं. दोंझे ग्रामसभेत सगळ्यांवर ओरडतो. परवा म्हणाला, गायरानातला रस्ता कुणी साफ करत नाही, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, वरच्या घरापर्यंतची पायवाट मात्र कशी लख्ख असते! मी म्हटलं, मांजराने केली असेल. सगळे हसले. तुला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही, पण आम्ही हसलो.

खालच्या गावातल्या गिरणीत विचारून आले. टोपी नाही.

तुझी एद्मे


कोलोनिया,
१४ ऑगस्ट १९६२

प्रिय एद्मे,

एक काम आहे आणि एक भांडण आहे. काम आधी सांगतो.

एल्विराला शाळेत निबंध लिहायचाय: 'माझ्या वडिलांच्या गावाचा इतिहास आणि भूगोल.' तिने नकाशा आणला आणि म्हणाली, दाखवा. मी भिंग घेऊन शोधलं. खालचं गाव सापडलं, आपलं नाही. ती म्हणाली, "बाबा, तुमचं गाव खरंच आहे ना?" तेव्हा मी बसून लिहिलं. चुकलं असेल तर दुरुस्त कर:

'ला कोंब-सेश म्हणजे कोरडी घळ. गाव जुरा डोंगराच्या माथ्यावर आहे. तिथं नदी नाही, ओढा नाही, विहीरसुद्धा लागत नाही, कारण खालचा दगड चाळणीसारखा आहे. लोक छपरावरचं पाणी टाक्यात साठवून पितात. वसंतात बर्फ वितळलं की सगळं पाणी फरच्या झाडांखालच्या एका भोकात शिरतं. त्याला आम्ही घसा म्हणतो. तिथून ते डोंगराच्या पोटातून जातं आणि खालच्या गावातल्या गिरणीमागे झरा होऊन निघतं. खालचे लोक आमच्याच पाण्यावर पीठ दळतात आणि ते आम्हालाच विकतात. लहानपणी बाबांनी आपली टोपी घशात टाकली आणि एद्मे आत्याला खाली गिरणीपाशी पाठवलं. ती संध्याकाळपर्यंत उभी होती.

'पूर्वी तिथं फक्त जंगल आणि लांडगे होते. कुणी राहायला जाईना. तेव्हा बिशपने सनद काढली: जो कोणी वर जाऊन चूल पेटवील आणि हिवाळाभर पेटती ठेवील, तो मोकळा माणूस. त्याला कर नाही, आणि गायरान त्याचं. म्हणून आमच्या गावात माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. वरच्या घराची चूल सर्वांत जुनी आहे. ती माझ्या बाबांची आहे.'

एल्विराला लांडगे आवडले.

आता भांडण. गावातल्या पारातचा मुलगा बोटीवर नोकरीला आहे. तो ब्युनोस आयर्सला उतरला आणि मला भेटायला आला. गप्पांत सहज म्हणाला, "तुमच्या वरच्या घराचा धूर हिवाळ्यात पार खिंडीतून दिसतो." मी विचारलं, कुठला धूर? तो गडबडला आणि विषय बदलला.

कुणाला दिलंस माझं घर? भाड्याने दिलंस, की नुसतंच कुणीतरी घुसलंय? मला विचारायचंसुद्धा नाही? माझ्या काकांनी मला दिलेलं घर, त्यात दुसऱ्याच कुणाच्या गाई, दुसऱ्याच कुणाचं सूप, आणि तू मला लिहितेस भिंतींना ओल नाही! ओल कशी असेल, आत माणसं राहतात तर!

पावही बंद केलास, तीन वर्षं झाली. आता कळलं का ते. घर दिलंस, मग भावाला पाव कशाला द्यायचा?

नोर्बेर


ला कोंब-सेश,
१९ फेब्रुवारी १९६३

नोर्बेर,

उत्तराला सहा महिने लागले. तेवढा वेळ माझा राग उतरायला लागला. तुझं पत्र मी तीनदा फाडायला घेतलं, पण एल्विराचे लांडगे त्यात होते.

आधी दुरुस्ती. मी गिरणीपाशी संध्याकाळपर्यंत नव्हते, अंधार पडून बाबा कंदील घेऊन शोधायला आले तोवर होते. आणि मार मी खाल्ला, तू नाही. हे निबंधात घाल.

आता धूर. त्या घरात कुणीही राहत नाही. तो धूर मी करते.

तू मुलीला अख्खी सनद शिकवलीस आणि स्वतः वाचली नाहीस. चूल हिवाळाभर पेटती राहिली तरच माणूस गावचा, असं तूच लिहिलंस ना? मग तू गेल्यावर तुझी चूल कोण पेटती ठेवणार होतं? बिशप? तू गेलास त्या वर्षीच्या पहिल्या बर्फापासून मी रोज वर जाते. गाईचं दूध काढते, लाकडं पाठीला लावते आणि जाते. चूल पेटवते, खुर्चीवर बसून थोडं विणते, निखारे राखेत झाकते आणि खाली येते. पायवाट लख्ख का असते, कळलं? दोंझेला कळलं होतं, गावाला कळलं होतं, मांजरालाही कळलं होतं. तुलाच कळायचं राहिलं, कारण मी सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं, विचारशील. हक्क जाईल म्हणून धावत आलास, असं मला नको होतं. आठवण आली म्हणून आलेला हवा होतास.

आणि पाव. तीन वर्षं मी मुद्दाम पाठवला नाही. वाटलं, पाव थांबला तर ओढ परत लागेल, तू पुन्हा चार पानं रडशील आणि एके दिवशी बोटीत बसशील. अगाथाच्या मनात काय आलं असेल माझ्याबद्दल, देव जाणे. तू रडला नाहीस, भांडलास.

आता मात्र सांगायलाच हवं. गावाचा नियम आहे, सनदेइतका जुना नाही पण आहे: चुलीच्या मालकाने दहा हिवाळ्यांत निदान एकदा तरी चुलीपुढे उभं राहायला हवं. तू गेलास तो हिवाळा सोडला तर तुझे दहा हिवाळे या वर्षी भरतात. दोंझे म्हणतो, बहिणीने पेटवलेली चूल ही भावाची चूल नव्हे. एप्रिलमध्ये ग्रामसभा आहे. तू आला नाहीस तर वरचं घर चुलींमधून काढतील, गायरानातला तुझा वाटा जाईल, आणि तुझं नाव या गावात फक्त स्मशानातल्या दगडांवर उरेल, तेही आईबाबांच्या नावाखाली, त्यांचा मुलगा म्हणून.

ये, नोर्बेर. आमालियाला आण, एल्विराला आण, कुणालाही आण. एक दिवस चुलीपुढे उभा राहा आणि मग हवं तर परत जा. माझे गुडघे आता चढणीवर बोलायला लागलेत. परवा घसरले, काही मोडलं नाही. पण खरी गोष्ट ती नाही. मला तू पाहिजेस. तिथं बसून विणताना दाराकडे पाठ करून बसायला मला अजून जमत नाही.

एद्मे


कोलोनिया,
१७ मार्च १९६३

माझ्या म्हाताऱ्या एद्मे,

पत्र हवाई टपालाने पाठवतोय, सभेच्या आत मिळावं म्हणून.

मी त्या पत्रात जे लिहिलं त्याची लाज वाटते. आमालियाला वाचून दाखवलं तुझं उत्तर. ती उठून चुलीवरचं दूध बघायला गेली, आणि चुलीवर दूध नव्हतं.

आता माझी पाळी.

पाव मी कधीच खाल्ला नाही. एकही तुकडा नाही.

पहिला तुकडा आला तेव्हा मी गोठ्यात निजत होतो. मला मरण आलं तर बरं, असं वाटण्याचे ते दिवस. कॉफी केली, तुकडा हातात घेतला, तोंडापर्यंत नेला. त्याला धुराचा वास होता. चुलीवरच्या फळीवर ठेवला होतास ना तो? वरच्या घराचा वास. आणि मी घाबरलो, एद्मे. म्हटलं, हा खाल्ला आणि खरंच गुण आला तर? मग माझ्याजवळ काय उरलं? इथं ना डोंगर, ना दगड, ना फरचं झाड. गाव म्हणून माझ्याकडे फक्त ती ओढ आहे. ती गेली तर मी कुठला? म्हणून तुकडा बिस्किटांच्या डब्यात ठेवला. पुढचे सगळे त्यातच आहेत. पाव यायचा थांबला तेव्हा मला वाटलं तू आजारी आहेस, मग वाटलं रागावलीस, आणि शेवटी वाटलं विसरलीस. पारातच्या मुलाने धुराचं सांगितलं तेव्हा हे सगळं एकदम उसळलं.

पत्रं लहान का झाली, तेही ऐक. तू लिहिलं होतंस की गास्तोंने माझं रडणं दुकानात सांगितलं. तेव्हापासून मी पान भरू दिलं नाही. अर्ध्या पानापलीकडे गेलं की शाई फिसकटायची. घोड्याचं कार्ड सगळ्यांत वाईट दिवशी पाठवलं होतं.

आता सभेचं. मी येऊ शकत नाही. सासरे अंथरुणाला खिळलेत, सगळं माझ्यावर आहे, हे खरं. पण त्याहून खरं असं की मी आलो तर मला परत जाता येणार नाही. चुलीपुढे एकदा उभा राहिलो की तिथंच बसेन. मग इथल्या स्टेशनवर दोघीजणी उभ्या राहतील, तू उभी होतीस तशा. ते मी कुणाला पुन्हा करणार नाही.

म्हणून चूल विझव. सभेत सांग की नोर्बेरने सोडलं. तू दहा वर्षं माझ्यासाठी डोंगर चढलीस, त्याने मला मिळाला तेवढा हक्क कुठल्याच बिशपने दिला नसता. आता खाली तुझ्या खिडकीत ऊब घेऊन बस.

एल्विराला निबंधाला चांगले गुण मिळाले. बाई म्हणाल्या, चुली मोजतात हे फार छान सुचलं. तिला वाटलं मी ते रचलंय.

तुझा नोर्बेर


ला कोंब-सेश,
२८ एप्रिल १९६३

प्रिय नोर्बेर,

तुझं पत्र गास्तोंने आणलं. माझा चेहरा बघून तो दुकानातही गेला नाही. सरळ घरी गेला. म्हणजे गावाला कळलंच.

सभा काल झाली. शाळेच्या खोलीत, नेहमीसारखी. बायकांना तिथं बसायला बाक नाही आणि वर करायला हात नाही, म्हणून मी दारात उभी राहिले. तुझं पत्र एप्रनच्या खिशात होतं. 'नोर्बेरने सोडलं,' एवढंच म्हणायचं होतं. येताना रस्ताभर पाठ करत आले होते.

गटारांचं झालं, बैलाचं झालं, मग दोंझेने चष्मा लावला. "वरच्या घराची चूल," तो म्हणाला, "एद्मे, तुझा भाऊ येतोय की नाही?"

आणि मी म्हटलं, "येतोय."

कसं तोंडातून गेलं, मला विचारू नकोस. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. खिशात तुझं पत्र होतं, त्यावर माझा हात होता, आणि तोंड म्हणालं, येतोय.

दोंझे म्हणाला, "कधी?"

"बर्फ वितळलं की."

मागून कुणीतरी विचारलं, "कुठल्या वर्षीचं?" आणि दोनचार जण हसले. मग कुणी हसेना. गास्तों पहिल्या बाकावर आपल्या बुटांकडे बघत बसला होता. सगळ्यांना ठाऊक होतं, नोर्बेर. त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता ज्याला ठाऊक नव्हतं.

दोंझेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, "मी गेली दहा वर्षं सकाळी दार उघडून त्या धुराकडे बघतो. धूर खिंडीकडे वळला की बर्फ, दरीकडे वळला की ऊन. तो नसेल तर मला हवामान कोण सांगणार, पाद्रीबाबा?" मग एकदम चिडून ओरडला, "माणूस येतोय म्हणते ना ती! येईपर्यंत चूल राहू दे. कोणाची हरकत?"

आणि त्याने हात वर केला. मग गास्तोंने. मग म्हाताऱ्या पारातने, ज्याचा खांदा वर उचलत नाही. त्याने तो हात दुसऱ्या हाताने उचलून धरला. मग सगळे. मी मोजले नाहीत, मला नीट दिसत नव्हतं. माझाही हात वर जायला लागला होता, मी तो दाराच्या चौकटीला धरून ठेवला.

तेव्हा आता तू येतोयस. गावाच्या कागदात तसं लिहिलंय.

सभेतून मी सरळ वर गेले. तुझं म्हणणं डोक्यात घोळत होतं, चूल विझव. फळीवर यंदाचा पाव होता, तुझ्यासाठी ठेवलेला. पुन्हा पाठवायचा की नाही, ते माझं ठरत नव्हतं. म्हटलं, ज्याच्यासाठी ठेवला तो खाणार नाही, मग ज्याला गरज आहे त्याने तरी खावा. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाव जाणाऱ्यालाच द्यायचा, असं आईने सांगितलं होतं. राहणाऱ्याचं काही सांगितलंच नव्हतं.

कॉफी केली. खुर्ची चुलीकडे वळवली, दाराकडे पाठ केली. तुकडा बुडवला आणि खाल्ला, नीट, मनापासून, थट्टा न करता. मग हात मांडीवर ठेवून बसले, औषध घेतल्यावर बसतात तशी.

बराच वेळ बसले. मग बाहेर छपरावरचं बर्फ सरकून खाली पडलं, धप्प, आणि मी झटकन वळून दाराकडे बघितलं.

पाव लागू पडत नाही, नोर्बेर. तू उगीच घाबरलास. डब्यातले सगळे खाल्लेस तरी चाललं असतं.

उद्या वर लाकडं न्यायची आहेत. वाटेवर अजून बर्फ आहे.

तुझी एद्मे